वाचक पळत नाही, त्याला हाकललं जातं

मराठी वेबसाइट चालवणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, 'बाऊन्स रेट' हा शब्द येतोच. त्याच्या मागोमाग एक सुस्कारा येतो: 'काय करणार, हल्लीची पोरं वाचतच नाहीत. येतात नि पळतात.' मग उपाय सुचवले जातात. लेख लहान करा, फोटो वाढवा, मथळ्यात उद्गारचिन्ह टाका, मध्येच व्हिडिओ घुसवा. कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये डिजिटल मार्केटिंग शिकणाऱ्या मुलालाही हेच शिकवलं जातं आणि साहित्याला वाहिलेल्या संकेतस्थळाच्या बैठकीतही हेच बोललं जातं.

माझं भांडण या सुस्काऱ्याशी आहे. वाचक पळतो हे निदानच चुकीचं आहे, त्यामुळे उपायही चुकतात. बहुतेक वेळा वाचक पळत नाही. एकतर त्याचं काम झालेलं असतं किंवा त्याला आपण हाकललेलं असतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो न करणारी माणसं मराठीतल्या वाचनाचं भवितव्य ठरवायला बसली आहेत.

आकडा नेमकं काय मोजतो

बाऊन्स रेटची जुनी व्याख्या साधी होती. शंभर जण तुमच्या वेबसाइटवर आले आणि त्यातले सत्तर जण एकच पान पाहून गेले, तर बाऊन्स रेट सत्तर टक्के. बस्स. ते का गेले, किती वेळ थांबले, खूश होऊन गेले की वैतागून, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

नाशिककरांना हे समजावणं सोपं आहे. मिसळीच्या हॉटेलात दोन गिऱ्हाइकं आली. पहिल्यानं दारातूनच टेबलावरची खरकटी पाहिली आणि तो आल्या पावली परत गेला. दुसरा बसला, मिसळ खाल्ली, दोनदा रस्सा मागून घेतला, पैसे दिले आणि ढेकर देत बाहेर पडला. गल्ल्यावरच्या मालकानं दोघांपुढे एकच शेरा मारला: 'एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला नाही, म्हणजे याला आमचं हॉटेल आवडलं नाही.' असा मालक दिसला तर आपण त्याला वेड्यात काढू. वेबसाइटवाल्यांनी मात्र हाच शेरा वर्षानुवर्षं गंभीरपणे वाचला.

त्याहून मोठी गंमत वेळेची. गूगल अ‍ॅनालिटिक्सची जुनी आवृत्ती २०२३ च्या जुलैपर्यंत बहुतेकांकडे चालू होती. तिच्यात वाचक किती वेळ थांबला हे एका नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंत मोजलं जायचं. दुसरं पान उघडलंच नाही आणि वेबसाइटवाल्यानं वेगळी सोय केली नसेल, तर मोजायला दुसरी नोंदच नसायची. मग वेळ किती लागायचा? शून्य सेकंद. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक उघडून एखाद्या मुलीनं अठरा मिनिटं मन लावून दीर्घ लेख वाचला, मैत्रिणीला पाठवला आणि फोन खाली ठेवला, तर तिची नोंद 'बाऊन्स, शून्य सेकंद' अशी व्हायची. संपादकाच्या तक्त्यात ही मुलगी आणि चुकून बोट लागून आलेला माणूस एकाच रांगेत उभे असायचे. त्या रांगेकडे बोट दाखवून 'दीर्घ लेख कुणी वाचत नाही' असं ठरवलं गेलं. दीर्घ लेखाचा सर्वांत चांगला वाचकच ज्या मोजपट्टीवर शून्य भरतो, त्या मोजपट्टीनं दीर्घ लेख मापला गेला.

नवी आवृत्ती थोडी शहाणी आहे. भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडली, तर ती भेट 'गुंतलेली' धरली जाते. उरलेल्या सगळ्या बाऊन्स. ही दहा सेकंदांची मर्यादा साठपर्यंत वाढवता येते. वाचक पानाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत खाली गेला का, याचीही नोंद ठेवता येते. अवजार सुधारलं, पण ते वापरणाऱ्यांची भाषा सुधारली नाही. सुस्कारा तोच आहे.

लासलगावचा भाव

वाचक खरोखर कधी नि का परत फिरतो, हे पाहायला साहित्याच्या बाहेर जाऊ. नाशिक जिल्ह्यात रोज सकाळी असंख्य फोनवर एक प्रश्न टाइप होतो: आज लासलगावला कांद्याचा भाव काय? हा प्रश्न करमणुकीसाठी विचारलेला नसतो. ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा, पिंपळगावला न्यायचा, की आज चाळीतच कांदा राहू द्यायचा, हे त्या उत्तरावर ठरतं. समजा, ट्रॉलीत वीस क्विंटल माल आहे आणि दोन बाजारांत क्विंटलमागे दोनशे रुपयांचा फरक आहे. एका खेपेला चार हजारांचा प्रश्न झाला.

आता त्याला मिळणारं पान पाहा. मथळा: 'कांद्याच्या दरात मोठी उलथापालथ! शेतकऱ्यांनो, आजचे भाव पाहाच!' पान उघडायला वेळ लागतो. उघडल्यावर आधी 'नोटिफिकेशन सुरू करा'ची चौकट. ती मिटवली की 'आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जॉइन व्हा'. मग जाहिरात. मग पहिलं वाक्य: 'कांदा हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे नगदी पीक आहे.' अहो, हे तुम्ही कुणाला सांगताय? ज्यानं रोपं लावली, खुरपणी केली, काढणी केली, त्याला? पुढे आणखी एक जाहिरात आणि तिच्याखाली एक तक्ता, ज्यावर तारीखच नाही.

तारीख नसणं म्हणजे काय, हे २०२३ च्या डिसेंबरात कळलं. केंद्र सरकारनं ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद केली आणि जिल्ह्यात हलकल्लोळ झाला. लिलाव थांबले, शेतकरी रस्त्यावर उतरले. त्याआधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. निर्यातबंदी उठली ती २०२४ च्या मेमध्ये, तीही किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्काची अट घालूनच. अशा काळात एका रात्रीत भाव जुना होतो. तारीख न टाकलेलं पान तेव्हा माणसाला थेट खड्ड्यात घालू शकतं.

मथळ्यातला भाव हा आणखी एक सापळा. बाजार समितीच्या आकड्यांत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. बहुतेक माल सर्वसाधारण दराच्या आसपास जातो. कमाल दर मूठभर उत्तम मालाला मिळतो. मथळ्यात मात्र नेहमी कमाल दर झळकतो, कारण त्यावर बोट पडतं. वाचक आशेनं येतो, आतला आकडा पाहतो आणि मागे फिरतो. तक्त्यात नोंद होते: बाऊन्स. संपादक म्हणतो: शेतकऱ्याला वाचायची सवय नाही.

याच प्रश्नाचं सरळ उत्तर देणारं पान कल्पून पाहा. वर तारीख आणि वार. खाली बाजार समितीचं नाव, लाल की उन्हाळ, आवक, तिन्ही दर. एवढंच. शेतकरी येईल, सात सेकंदांत आकडा वाचेल आणि जाईल. नव्या व्याख्येप्रमाणेही ही बाऊन्सच. पण तोच माणूस उद्या सकाळी परत येईल, परवा येईल, शेजाऱ्याला सांगेल. पहिल्या पानाचा बाऊन्स रेट म्हणजे शिवी आहे, दुसऱ्या पानाचा म्हणजे पावती. आकडा दोन्हीकडे सारखाच दिसेल. म्हणून नुसता बाऊन्स रेट सांगणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या पानाचा? आणि दुसरा: गेलेले परत आले का?

थोपवण्याचे उद्योग

हे प्रश्न विचारायचे सोडून आपल्याकडे वेगळाच उद्योग चालतो. आकडा खाली आणायचा आहे ना? मग वाचकाला बाहेरच पडू देऊ नका. एका लेखाचे पाच तुकडे करा, म्हणजे प्रत्येक 'पुढे वाचा'ला नवं पान मोजलं जाईल. दहा ओळींची बातमी पंधरा फोटोंच्या मालिकेत वाटून टाका. मागे जायचं बटण दाबलं की गूगलवर न जाऊ देता 'हेही वाचा'चं आणखी एक पान समोर आणा. पान आपोआप पुन्हा लोड होऊ द्या. बंद करायची फुली इतकी बारीक ठेवा की अंगठा जाहिरातीवरच पडेल.

हे सगळे 'बाऊन्स रेट कमी करण्याचे उपाय' म्हणून विकले जातात आणि आकडा खरोखर कमी होतो. दुकानाचं शटर खाली ओढलं तर बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्याही कमी होतेच.

ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या अशा रचनांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं, बातमीच्या वेशातली जाहिरात, पुन्हा पुन्हा टोकून हैराण करणं, हे सगळं त्यात आहे. ती तत्त्वं मुख्यतः वस्तू आणि सेवा विकणाऱ्यांसाठी आहेत. पण यादी वाचताना आपल्याच मराठी वेबसाइटचा पत्ता डोळ्यांसमोर येत असेल, तर कायदा लागू होतो की नाही हा प्रश्न दुय्यम आहे.

गोल्डफिशची थाप

तरुण वाचकावर सगळ्यात मोठा आरोप आहे तो लक्ष न टिकण्याचा. माणसाचं लक्ष आता आठ सेकंदच टिकतं, गोल्डफिश माशापेक्षाही कमी, हे वाक्य तुम्ही एखाद्या तरी भाषणात ऐकलं असेल. ते जगभर पसरलं २०१५ साली, कॅनडातल्या मायक्रोसॉफ्टच्या मार्केटिंगसाठीच्या एका अहवालामुळे. पुढे पत्रकारांनी त्या आकड्याचा माग काढला तेव्हा त्यामागे धड संशोधन सापडलं नाही. माणसांचंही नाही आणि माशांचंही नाही. तरी हे वाक्य अजून व्यासपीठावर मिरवतं, कारण ते सोयीचं आहे. दोष वाचकाच्या मेंदूत असेल तर आपल्याला काही करायलाच नको.

ज्या पिढीला वाचता येत नाही असं म्हणतात, तीच पिढी स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड नोट्स फोनवर वाचते, शंभर-शंभर भागांच्या मराठी कथामालिका वाचते, क्रिकेटच्या एका निर्णयावर रात्री दोनपर्यंत वाद घालते. लक्ष आहे. ते कुणाला द्यायचं, हे ती ठरवते. पहिल्या तीन ओळींत लेखक नुसतं गोल गोल फिरतोय हे तिला कळतं आणि ती उठते. याला मी चांगली वाचक म्हणतो. आधीची पिढी पुस्तकाला पैसे मोजले म्हणून नेटानं शेवटापर्यंत जायची. तसं बंधन नसलेला वाचक जास्त प्रामाणिक परीक्षक आहे, एवढंच.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. वाचक पुस्तक घेऊन घरी गेला म्हणून तिथे कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही. वाचकानं पुस्तक नेणं हाच वाचनालयाचा हेतू. याच शहरातल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं, तेव्हा तर पुस्तकांच्या पेट्याच वाचकांकडे पाठवल्या. वाचक आपल्याकडे किती वेळ अडकून पडला, हे त्या योजनेनं विचारलं नाही. पुस्तकं वाचकापर्यंत पोचली का, आणि त्यांनी पुढची पेटी मागितली का, हे पाहिलं. ती मोजपट्टी आजही लागू पडते. वाचक गेला याचं दुःख करू नका. परत आला का, ते पाहा.

'पण पोट कसं भरायचं?'

आता प्रतिपक्षाचं सर्वांत खरं म्हणणं. ते म्हणतात: तत्त्वं ठीक आहेत, पण मराठी वेबसाइटला वर्गणी मिळत नाही. उत्पन्न जाहिरातींचं. जाहिरात जितकी दिसेल तितके पैसे. पानं वाढली नाहीत तर सर्व्हरचं भाडंही निघत नाही. आणि लेखकाला मानधन द्या असं तुम्हीच म्हणता.

ही अडचण खोटी नाही. छोट्या मराठी संकेतस्थळांची ओढाताण खरी आहे आणि जाहिरात लावणं हा गुन्हा नाही. पण या युक्तिवादात एक पायरी गाळलेली आहे. पाच पानांत तोडलेल्या लेखामुळे आज चार जाहिराती जास्त दिसतात, त्याचा हिशेब मांडला जातो. पुढच्या वेळी गूगलच्या यादीत तुमचं नाव दिसल्यावर वाचक ते ओलांडून खाली जातो, त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो. आलाच नाही तो मोजायचा कसा?

आणि नुकसान फक्त तुमचं होत नाही. आजारावर, कर्जावर, सातबाऱ्यावर किंवा सिंहस्थाच्या स्नानाच्या तारखांवर मराठीत शोधलं की पसारा मिळतो, हे वाचकाला चार अनुभवांत कळतं. पाचव्यांदा तो मराठीत शोधतच नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत शोधतो किंवा सरळ यूट्यूबवर जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. दर २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून सगळी संकेतस्थळं रोषणाई करतात. त्या रोषणाईच्या पानावरसुद्धा आधी दोन चौकटी मिटवाव्या लागत असतील, तर गौरव नेमका कुणाचा? भाषा व्यासपीठावर मरत नाही. ती कामाच्या वेळी उपयोगी पडेनाशी झाली की लोक तिला बाजूला ठेवतात.

पोट भरण्याचे दुसरे मार्ग कठीण आहेत, पण ते सगळे परत येणाऱ्या वाचकावरच उभे राहतात. वर्गणी, देणगी, छापील अंक, पुस्तकं, एखाद्या स्थानिक व्यावसायिकाची वर्षभराची जाहिरात, यातलं काहीही एकदा फसून गेलेल्या माणसाकडून मिळत नाही.

मग करायचं काय

वाईट बाऊन्स असतेच, आणि ती कमी करायलाच हवी. त्यासाठी चलाखी लागत नाही.

पहिली गोष्ट, मथळ्यात दिलेला शब्द पहिल्याच पडद्यावर पाळा. भाव म्हणालात तर भाव द्या, मुलाखत म्हणालात तर पहिलं उत्तर द्या. तारीख वर टाका. प्रस्तावना काढून पाहा, लेख बहुधा सुधारतो.

दुसरी, पान लवकर उघडू द्या. मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर निम्म्याहून अधिक भेटी सोडून दिल्या जातात, असं गूगलनंच २०१६ साली सांगितलं होतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा त्यांचा आजचा निकष आहे. कॉलेज रोडच्या वायफायवर उघडतं म्हणून खूश होऊ नका. सुरगाण्यात किंवा पेठला साध्या फोनवर उघडून पाहा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फायली इंग्रजीपेक्षा जड असतात, म्हणून एकाच पानावर चार सुंदर फॉन्ट लादू नका. एक पुरे. फॉन्ट येईपर्यंत फोनमधला साधा फॉन्ट दिसू द्या, वाचक तेवढ्यात वाचायला लागेल.

तिसरी, अक्षर वाचता येऊ द्या. मराठीत मात्रा वर जाते, उकार खाली येतो. इंग्रजीच्या मापानं ओळी चिकटवल्या की त्या एकमेकींवर चढतात. ओळींत हवा ठेवा, अक्षर मोठं ठेवा, पांढऱ्यावर फिकट राखाडीचा सोस सोडा. वाचता वाचता वरून जाहिरात येऊन मजकूर खाली ढकलला जाणार नाही, एवढी जागा तिच्यासाठी आधीच राखून ठेवा.

चौथी, 'हेही वाचा' लावायचंच तर माणसानं निवडून लावा. लासलगावच्या लेखाखाली नटीच्या लग्नाचे फोटो नकोत. निर्यात शुल्कावरचा जुना लेख द्या. ज्याला खरोखर पुढे वाचायचं आहे, तो जाईल. बाकीच्यांना जाऊ द्या.

आणि मोजायचंच असेल तर वेगळं मोजा. दीर्घ लेखाच्या शेवटापर्यंत किती जण पोचले? महिन्याभरात किती जण परत आले? कुणी पत्र पाठवून लेखातली चूक दाखवली का? चूक दाखवणारा वाचक शेवटापर्यंत गेलेला असतो.

राहिला प्रश्न वाचकांचा, म्हणजे फोनवर हे वाचणाऱ्या तुमचा. तुम्हाला सतत सांगितलं जातं की तुमचं लक्ष बिघडलंय. ते मनावर घेऊ नका. फसवणाऱ्या पानावरून मागे फिरताना अपराधी वाटायचं काही कारण नाही. ते बटण म्हणजे तुमचं मत आहे, बिनदिक्कत वापरा. पण मताला दुसरी बाजूही असते. एखाद्या पानानं तुमचा वेळ सत्कारणी लावला, तर त्याचा पत्ता लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी गूगलला न विचारता थेट तिथे जा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'हे पूर्ण वाचलं' एवढे तीन शब्द सोबत लिहा. नीट काम करणाऱ्या मराठी संपादकाला तुमच्या बाऊन्सची भीती नाही. त्याला भीती आहे ती तुम्ही समाधानानं वाचून गेलात आणि त्याला ते कधी कळलंच नाही, याची.